गावाचा पाणी-नकाशा : मोबाइल व संगणक यांसाठी नकाशारचनेची तत्त्वे

भूगोलाच्या अध्यापनात नकाशास जे स्थान आहे ते शिक्षकांस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. भिंतीवरील नकाशा, वहीतील आराखडा व मैदानावर फक्कीने आखलेली गावाची आकृती ही साधने शाळांत पूर्वापार वापरली जात आहेत. अलीकडे त्यांत आणखी एका साधनाची भर पडली आहे. पडद्यावर उघडणारा, बोटाने सरकणारा, लहानमोठा होणारा व खुणेस स्पर्श करताच माहिती सांगणारा नकाशा आता खेड्यापाड्यांतील घरांतही पोहोचला आहे. तो वापरण्यास मुले आपोआप शिकतात. तो करावा कसा, हे मात्र शिकवावे लागते.

भिंतीवरील नकाशा अवघड असला तरी शिक्षक जवळ उभा राहून तो समजावून देऊ शकतो. मोबाइलवरील नकाशा वाचणारा मनुष्य बहुधा एकटा असतो. त्याला शंका विचारावयास कोणी नसते. म्हणून असा नकाशा स्वतःच सुबोध असावा लागतो. पुढील विवेचनात गावातील पाण्याच्या ठिकाणांचा नकाशा हे उदाहरण घेतले आहे, आणि ते हेतुतः घेतले आहे. या नकाशातील दोषामुळे केवळ सुबकपणा उणावत नाही, तर एखाद्या घरच्या घागरीत दूषित पाणी जाऊ शकते.

१. नकाशा हे एका प्रश्नाचे उत्तर होय

इ. स. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची मोठी साथ आली. हा रोग दूषित हवेने पसरतो असा त्या काळी सर्वसाधारण समज होता. जॉन स्नो या डॉक्टराचा संशय पाण्यावर होता. त्याने मृत्यू झालेल्या घरांची माहिती गोळा केली आणि रस्त्यांच्या नकाशावर प्रत्येक मृत्यूसाठी एक लहान काळी रेघ व प्रत्येक पंपासाठी एक खूण काढली. रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोवती होती. ८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढून घेण्यात आला. साथ तोपर्यंत ओसरू लागली होती, व नकाशाही त्यानंतर छापला गेला. तथापि पाणी व रोग यांचा संबंध लोकांच्या डोळ्यांपुढे उभा करण्याचे श्रेय त्या नकाशास दिले जाते.

त्या नकाशात काय नव्हते, हे अधिक लक्षात घेण्यासारखे आहे. त्यात झाडे, देवळे, बाजार यांची चित्रे नव्हती. रस्ते, पंप व मृत्यू एवढेच होते. गावाचा नकाशा करावयास घेताना प्रथम फळ्यावर एकच प्रश्न लिहावा : ‘माझ्या घराजवळ पिण्यायोग्य पाणी कोठे आहे?’ या प्रश्नाच्या उत्तरास जे साहाय्य करीत नाही, ते कितीही आकर्षक असले तरी वगळावे. भिंतीवरील मोठ्या नकाशात अनावश्यक गोष्ट खपून जाते. तळहाताएवढ्या पडद्यावर ती आवश्यक गोष्टीस झाकून टाकते.

२. पडद्यावरील नकाशा कसा घडतो

असा नकाशा एकसंध चित्र नसतो. फरशी बसवावी तसे लहान चौकोनी तुकडे शेजारी शेजारी बसवून तो पूर्ण होतो. या तुकड्यांस टाइल म्हणतात. सर्वसाधारण पद्धतीत एक टाइल २५६ पिक्सेल रुंद व तितकीच उंच असते. सर्वांत लहान प्रमाणावर सर्व जग एकाच टाइलमध्ये मावते. एक पायरी मोठे केले की ४, दुसऱ्या पायरीस १६, तिसरीस ६४, याप्रमाणे प्रत्येक पायरीस संख्या चौपट होत जाते. अठराव्या पायरीस ती ६,८७१ कोटींहून अधिक भरते. एका मोबाइलच्या पडद्यास त्यांपैकी दहा-पंधरा तुकडेच पुरतात, व तेवढेच मागविले जातात. म्हणूनच मंद इंटरनेटवरही नकाशा उघडू शकतो. चौपटीच्या या पाढ्याचा वरच्या वर्गात गणिताच्या तासास चांगला उपयोग होईल.

या नकाशांचा पाया मर्केटर याने १५६९ मध्ये मांडलेल्या प्रक्षेपणाशी जुळणारा आहे. त्यात विषुववृत्तापासून दूरचे प्रदेश फुगलेले दिसतात. ग्रीनलंडचे क्षेत्रफळ भारताच्या सुमारे दोन तृतीयांश असूनही पडद्यावर तो भारताहून कितीतरी मोठा भासतो. गावाच्या नकाशास याने बाध येत नाही. परंतु जगाचा नकाशा दाखविताना पृथ्वीगोल शेजारी ठेवून हा भेद मुलांच्या निदर्शनास आणावा.

३. मोबाइल व संगणक : दोन भिन्न वाचक

संगणकापुढील मनुष्य सावलीत बसलेला असतो. त्याच्या हाती माउस असतो व पडदा रुंद असतो. मोबाइलवरील मनुष्य कदाचित विहिरीच्या काठावर, उन्हात, एका हातात हंडा घेऊन उभा असतो. नकाशा दोघांसही उपयोगी पडावा असे वाटत असेल, तर दुसऱ्याचा विचार आधी करावा. लहान पडद्यावर जमलेली रचना मोठ्यावर पसरविणे सोपे असते. मोठ्यावरची रचना लहानावर कोंबता येत नाही.

(अ) प्रथमदर्शन. सोळाव्या पायरीवर, महाराष्ट्राच्या अक्षांशांत, एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरील सुमारे सव्वादोन मीटर होतात. ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर त्यामुळे जेमतेम ८०० मीटर रुंदीचा भाग दिसतो, तर १,३६६ पिक्सेलांच्या संगणकावर ३ किलोमीटरांहून अधिक. संगणकावर गावठाण व सर्व वाड्या एका दृष्टिक्षेपात येतात. मोबाइलवर गावठाणच दिसते, आणि वाडीवरील मनुष्यास आपली वाडी नकाशात नाहीच असे वाटते. यास्तव पायरी ठरावीक न ठेवता, सर्व खुणा पडद्यात मावतील अशी सुरुवात योजावी. तशी सोय बहुतेक आज्ञावलींत असते.

(आ) स्पर्श. माउसचा बाण खुणेवर नेताच माहिती दिसावी अशी योजना संगणकासाठी पुष्कळदा केली जाते. बोटास असे नुसते वर तरंगता येत नाही. म्हणून कोणतीही आवश्यक माहिती केवळ बाण नेल्याने दिसणारी नसावी. स्पर्शाने ती उघडली पाहिजे. बोटाने दाबावयाची खूण पडद्यावर सुमारे ७ ते ९ मिलिमीटर असावी. ॲपल व गूगल यांच्या मार्गदर्शिकांतील शिफारस साधारणतः एवढीच भरते. खुणा एकमेकींवर येत असतील तर त्यांचा समूह करून संख्या असलेले एकच वर्तुळ दाखवावे व नकाशा मोठा करताच त्या सुट्या व्हाव्यात.

(इ) सरकणे. नकाशा एखाद्या लांब पृष्ठाच्या मध्यभागी ठेवला, तर पृष्ठ खाली नेऊ पाहणारे बोट नकाशावरच अडकते. पृष्ठ हलत नाही, नकाशाच भलतीकडे जातो. नकाशाच्या दोन्ही बाजूंस बोट ठेवण्याजोगी मोकळी जागा सोडणे, अथवा नकाशा दोन बोटांनीच सरकेल असे करणे, हे यावरील उपाय होत.

(ई) माहितीची जागा. संगणकावर खुणांची सूची बाजूस कायम ठेवता येते. मोबाइलवर ती एका बटणामागे मिटलेली असावी, व खुणेची माहिती पडद्याच्या तळाशी, अंगठा पोहोचेल तेथे उघडावी. नकाशाच झाकून टाकणारी चौकट वाचकास आपण कोठे होतो हे विसरावयास लावते.

४. रंग व खुणा

पाण्याच्या स्वच्छतेवरून ग्रामपंचायतींस लाल, पिवळे व हिरवे कार्ड देण्याची पद्धत महाराष्ट्रातील शिक्षकांच्या परिचयाची आहे. नकाशातही पिण्यायोग्य पाण्यास हिरवा ठिपका व अयोग्य पाण्यास लाल ठिपका द्यावा, असे सहजच सुचते. येथेच मोठा धोका आहे. लाल व हिरवा यांतील भेद न कळणे हा जन्मजात दोष पुरुषांत बराच आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो शंभरांत सुमारे आठ जणांस असतो. भारतात प्रमाण त्याहून कमी आढळले असले तरी उपेक्षणीय नाही. अशा मनुष्यास दोन्ही ठिपके जवळजवळ सारखेच दिसतात. आपणांस हा दोष आहे हे कित्येकांस ठाऊकही नसते.

म्हणून अर्थ केवळ रंगावर सोपवू नये. योग्य पाण्यास भरीव वर्तुळ, अयोग्य पाण्यास फुली, तपासणी न झालेल्यास पोकळ चौकोन, असा आकारभेद ठेवावा, व खुणेस स्पर्श करताच ‘पिण्यास अयोग्य’ असे शब्द स्पष्ट दिसावेत. उन्हात फिकट रंग दिसेनासे होतात, यास्तव पार्श्वभूमी सौम्य व खुणा गडद असाव्यात. परीक्षा सोपी आहे : मोबाइलवरील रंग बंद करून, किंवा नकाशा कृष्णधवल छापून पाहावा. तरीही अर्थ कळला तर रचना निर्दोष समजावी.

५. देवनागरी नावे

नकाशातील नावे वाचकाच्या भाषेत असावीत, हे उघड आहे. तथापि देवनागरीस शिरोरेषेच्या वर व अक्षराच्या खाली मात्रांसाठी जागा लागते. रोमन लिपीस पुरेल एवढ्या बारीक आकारात ‘शिंदेवाडी’ हे नाव वाचता येत नाही. शिवाय काही नकाशा-आज्ञावलींत देवनागरी अक्षरांची जुळणी नीट होत नाही. वेलांटी भलत्या बाजूस जाते व जोडाक्षरे फुटतात. नकाशा प्रसिद्ध करण्यापूर्वी प्रत्येक नाव एका साध्या मोबाइलवर वाचून पाहावे. ओपनस्ट्रीटमॅप या २००४ पासून चालू असलेल्या मुक्त जागतिक नकाशात स्थळाचे मराठी नाव स्वतंत्रपणे नोंदविण्याची सोय आहे. वस्ती, ओढा, पांद यांची नावे गावकऱ्यांस माहीत असतात; बाहेरच्या नकाशाकारास ती कळत नाहीत. ती विचारून घेऊन शुद्ध लिहिणे हे शाळेच्याच हातचे काम आहे.

६. शाळेत करावयाचा उपक्रम

इयत्ता पाचवी ते सातवीच्या वर्गांस हा उपक्रम झेपण्यासारखा आहे.

(१) प्रथम कागदावर गावाचा आराखडा काढून सार्वजनिक विहिरी, विंधन विहिरी, हातपंप व नळकोंडाळी यांची यादी करावी.

(२) शिक्षकासमवेत प्रत्येक ठिकाणी जाऊन मोबाइलवर अक्षांश व रेखांश नोंदवावेत. उघड्या आकाशाखाली मोबाइलची अचूकता सुमारे ५ मीटर असते. दाट झाडीत वा भिंतींच्या आडोशास ती घटते. दशांशचिन्हापुढे पाच स्थळे पुरेत, कारण पाचवे स्थळ म्हणजे सुमारे १ मीटर होय. अधिक अंक लिहिण्याने अचूकता वाढत नाही.

(३) अक्षांश व रेखांश यांचा क्रम तपासावा. काही आज्ञावली अक्षांश आधी मागतात, काही रेखांश. पुण्याचे १८·५ व ७३·८ हे अंक उलट पडले, तर पुणे नॉर्वेच्या उत्तरेस समुद्रात जाऊन पडते. हे उदाहरण मुले विसरणार नाहीत.

(४) पाण्याची योग्यता डोळ्यांनी ठरवू नये. निर्मळ दिसणारे पाणीही दूषित असू शकते. ग्रामपंचायत वा जलसुरक्षक यांजकडून प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन त्यावरूनच नोंद करावी, व प्रत्येक खुणेसोबत तपासणीची तारीख दाखवावी. पावसाळ्यापूर्वीचा अहवाल पावसाळ्यानंतर प्रमाण धरता येत नाही. तारीख नसलेला पाणी-नकाशा नसलेला बरा.

(५) संगणकाची भाषा न शिकताही यूमॅप या साधनाने असा नकाशा तयार करता येतो. त्याच्या मुळाशी असलेली लीफलेट ही आज्ञावली २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. ती वजनाने हलकी असल्याने साध्या मोबाइलवरही चालते. पायाभूत नकाशा ज्यांचा आहे त्यांचे नाव कोपऱ्यात ठेवावे. दुसऱ्याच्या श्रमांची नोंद ठेवणे हाही शिक्षणाचाच भाग होय.

(६) मुलांची घरे, आजारी माणसांची नावे वा कोणाचेही दूरध्वनी क्रमांक सार्वजनिक नकाशात घालू नयेत.

(७) नकाशाखाली त्याच ठिकाणांची साधी यादी द्यावी. ज्यांस दिसत नाही, किंवा ज्यांच्या मोबाइलवर नकाशा उघडत नाही, त्यांस ती उपयोगी पडेल. एक प्रत छापून शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.

७. नकाशाची परीक्षा

नकाशा पूर्ण झाला असे कर्त्यास वाटणे पुरेसे नाही. इयत्ता पाचवीतील एक विद्यार्थी, पाणी भरणारी एक भगिनी व एक वृद्ध गृहस्थ अशा तिघांच्या हाती मोबाइल द्यावा, ‘आपल्या घराजवळचे पिण्यायोग्य पाणी दाखवा’ एवढेच सांगावे आणि गप्प राहावे. हे गप्प राहणे शिक्षकास कठीण जाते, परंतु तेच महत्त्वाचे आहे. बोट कोठे अडखळते, कोणती खूण निष्फळ दाबली जाते, कोणता शब्द पुन्हा पुन्हा वाचला जातो, हे मुलांनी वहीत टिपावे. वाचक अडला तर त्यास अडाणी न समजता नकाशात दुरुस्ती करावी, आणि पुन्हा दुसऱ्या तिघांस दाखवावा.

या उपक्रमाने मुलांस भूगोल, गणित, आरोग्य व भाषा या चारही विषयांचा एकत्र अभ्यास घडेल, हा लाभ आहेच. त्याहून मोठा लाभ असा की, आपण काढलेल्या एका खुणेवर विसंबून कोणीतरी घागर भरणार आहे, ही जाणीव त्यांच्या ठायी उत्पन्न होईल. नकाशा वर्षातून किमान दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, नवीन अहवालानुसार दुरुस्त करण्याचे काम वर्गाकडे नेमून द्यावे, व वरच्या वर्गात जाताना ते खालच्या वर्गाच्या स्वाधीन करावे.