जास्मीन चहा : क्वाथ नव्हे, फांट

विक्रोळीतील आमच्या रुग्णांकडून चिनी जास्मीन चहाच्या हाताने बांधलेल्या गुंड्यांविषयी विचारणा होत असते. हिरव्या चहाची कोवळी पाने दोऱ्याने बांधून, बहुधा मध्यभागी सुकवलेले फूल ठेवून ही गुंडी करतात. सुगंध मात्र रात्री उमलणाऱ्या मोगऱ्याच्या कळ्यांमध्ये पाने मिसळून त्यांत मुरवलेला असतो.

आपल्याकडे चहा क्वाथाप्रमाणे उकळण्याची रीत आहे. हा चहा उकळल्यास कडू व तुरट होतो. म्हणून शार्ङ्गधरोक्त फांटाच्या धर्तीवर तो करावा. उकळलेले पाणी सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत निवू द्यावे, काचेच्या भांड्यातील गुंडीवर २५० ते ३०० मिलिलिटर ओतावे व ३ ते ४ मिनिटांनी, गुंडी उमलल्यावर, दुधाविना द्यावे.

चहातील टॅनिन वनस्पतिज आहारातील लोहाचे शोषण घटविते. यास्तव पांडुरोग्याने भोजन व लोहकल्प यांपासून किमान १ तासाचे अंतर ठेवावे. निद्रानाशात हा चहा सायंकाळी वर्ज्य समजावा. औषधविक्रेत्यांनी तो हिंग व कापरापासून दूर, हवाबंद ठेवावा. मोगऱ्याचा गंध घेणारी पाने इतर गंधही तितक्याच सहज घेतात.