कूस पालटण्याची पाळी

खामगाव-मलकापूरच्या जिनिंगमध्ये पाळी म्हणजे काय, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. यंत्र रात्रंदिवस चालवायचे तर माणसे बदलली पाहिजेत, हे मालकासही पटते. पण घरी कोणी अंथरुणास खिळले, की तेथे मात्र चोवीस तासांची एकच पाळी, आणि ती बहुधा बायकोची नाही तर सुनेची. संघटनेच्या कामासाठी आम्ही हमालांच्या घरी जातो तेव्हा हेच पाहतो. आजाऱ्याचे हालही येथूनच सुरू होतात, असे आमचे मत झाले आहे.

कारण असे. निरोगी माणूस झोपेतही कूस पालटतो. ज्याला ते जमत नाही, त्याची कातडी हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये चेपून राहते, तिला रक्त मिळत नाही, आणि काही तासांत ती आतून मरू लागते. माकडहाड, खुबा, टाचा, घोटे या जागा आधी जातात. ओल आणि घसरण यांनी नुकसान लवकर होते. म्हणून झोळ पडलेली बाज अशा माणसाला वाईट. पुस्तके लाल डाग पाहावयास सांगतात, पण आपल्या सावळ्या कातडीवर लाली उठून दिसत नाही. हात लावून पाहावे. भोवतालच्यापेक्षा जागा गरम, कठीण वा काळसर असेल, तर तिच्यावरचा भार तत्काळ काढावा. तेथे चोळू मात्र नये. स्पिरिट-पावडर चोळण्याची आणि खाली रबरी कडे ठेवण्याची जुनी रीत अपायकारक ठरली आहे.

इंग्लंडात स्टोक मँडेविल येथे 1944 साली डॉ. लुडविग गुटमन यांनी कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग उघडला. त्यापूर्वी असे रोगी बहुधा शय्याव्रणांनी व मूत्रमार्गाच्या दोषाने दगावत. गुटमन यांनी दर दोन तासांनी, रात्रीही, कूस पालटण्याचा नियम घातला, आणि त्यासाठी माणसांची तुकडी ठेवली. नियमाचे कौतुक सगळे करतात. आम्हांस तुकडी महत्त्वाची वाटते. एकटी बाई दोन-दोन तासांनी उठून किती रात्री काढील?

तेव्हा भिंतीवर कागद लावावा: वेळ, कोणती कूस, कोणाची पाळी. मुलगे, जावई, शेजारी, सर्वांची नावे त्यात यावीत. गादी चांगली असेल तर डॉक्टर कातडी पाहून रात्रीचे अंतर वाढवून देतात. पूर्ण कुशीवर टाकण्यापेक्षा पाठीमागे उशी देऊन किंचित कलते ठेवावे. पोटऱ्यांखाली उशी द्यावी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नये. अंगाखालची चादर दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलावे; त्यात उचलणाऱ्याची कंबरही वाचते. हवेची गादी उपयोगी खरी, पण वीज गेली की तिचा पंप थांबतो, आणि तिच्यावरही कूस पालटावीच लागते.

आपल्याकडच्या वैशाखात रेक्झिनवर पाठ घामाने भिजते. वर जुन्या धोतराची दुहेरी घडी घालून ती ओली होताच बदलावी. खाणेपिणे बसवून द्यावे व नंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे, नाही तर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती.

कातडी फुटली, काळी पडली, वास येऊ लागला किंवा ताप चढला, तर घरचा लेप लावत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.