छप्पन टक्क्यांच्या खालचे अडतीस

56 आणि 38. मधुमेहींच्या तळपायाच्या जखमेवर प्रयोगशाळेत वाढवलेली त्वचा लावण्याची चर्चा या दोन आकड्यांपासून सुरू करावी लागते. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत 208 रुग्ण होते. 'अ‍ॅप्लिग्राफ' ही अशी त्वचा लावलेल्यांपैकी 56 टक्के रुग्णांची जखम 12 आठवड्यांत पूर्ण भरली, तर सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजच्या पट्टीवर असलेल्यांपैकी 38 टक्क्यांची. म्हणजे साधारण सहा जणांना ही त्वचा लावावी, तेव्हा एकाला जास्तीचा फायदा. 'डर्माग्राफ्ट' या अशाच दुसऱ्या त्वचेच्या चाचणीत प्रमाण 30 विरुद्ध 18 होतं. तिथे एका फायद्यामागे नऊ जण.

अ‍ॅप्लिग्राफ ही 75 मिलिमीटर व्यासाची गोल चकती. नवजात मुलांच्या सुंतेत निघालेल्या त्वचेतल्या पेशी गाईच्या कोलॅजनवर वाढवून ती बनते. मांडीची कातडी काढून लावतात तशी ती कायमची रुजत नाही. परक्या पेशी काही आठवडे जगतात, वाढीला चालना देणारी द्रव्यं सोडतात आणि रुग्णाच्या स्वतःच्या पेशींना कामाला लावतात. म्हणूनच रक्तपुरवठा नसलेल्या किंवा पू झालेल्या जखमेवर तिचा उपयोग नाही. असे रुग्ण चाचणीत घेतलेच नव्हते, हे 56 वाचताना विसरून चालत नाही.

माझ्या मते खरी गोष्ट 38 मध्ये आहे. त्या गटातही मृत भाग खरवडून काढला होता, पायावरचा भार कमी केला होता. 2001 मध्येच 63 रुग्णांच्या दुसऱ्या एका चाचणीत पायाला पक्कं प्लास्टर घातलेल्यांपैकी जवळपास 90 टक्के रुग्णांच्या जखमा 12 आठवड्यांत भरल्या. काढता येणाऱ्या बुटात 65 टक्के. रुग्ण वेगळे, त्यामुळे 90 आणि 56 ची थेट तुलना नको. पण बूट आणि प्लास्टरमधला फरक कुठून येतो, ते 2003 च्या एका पाहणीत दिसलं: दिवसभरातल्या पावलांपैकी जेमतेम 28 टक्के पावलं बूट घालून टाकली जात होती. पाय बधिर, दुखतच नाही, तर बूट कोण घालणार?

मग कृत्रिम त्वचेची वेळ कधी? जखम दर आठवड्याला मोजायची. एका अभ्यासात चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्याहून अधिक घटलेल्यांपैकी 58 टक्के रुग्ण 12 आठवड्यांत बरे झाले, बाकीच्यांतले फक्त 9 टक्के. महागडी चकती हवी ती या दुसऱ्या गटाला.

अमेरिकेत मात्र ही शिस्त राहिली नाही. तिथल्या मेडिकेअर या सरकारी विम्याचा त्वचा-पर्यायांवरचा खर्च 2019 मध्ये सुमारे 25 कोटी डॉलर होता, तो 2024 मध्ये 1,000 कोटींवर गेला. काही उत्पादनांचा दर चौरस सेंटिमीटरला 2,000 डॉलरच्या पुढे! 2026 पासून चौरस सेंटिमीटरला सरसकट सुमारे 127 डॉलर ठरवावे लागले.

भारतात 10.1 कोटी मधुमेही आहेत. गोव्यात तर प्रौढांमधलं प्रमाण 26.4 टक्के. आणि जखम भरली म्हणजे संपलं असं नाही: भरलेल्या जखमांपैकी सुमारे 40 टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात, आणि त्वचा लावल्याने हे प्रमाण घटल्याचा भक्कम पुरावा नाही. ते टाळायला मऊ, सूक्ष्मछिद्री रबराची एमसीआर चप्पल आणि रोज रात्री तळवा आरशात पाहणंच उपयोगी पडतं.