ध्रुव वाचायचा, पण आधी कोणता?

दोस्तांनो, समजा तुमच्या हाती एक जुनं कॉमिक आलं. मुखपृष्ठावर पिवळ्या-निळ्या पोशाखातला एक तरुण हवेत झेपावलाय, कमरेच्या पट्ट्यावर चांदणी चमकतेय, आणि वर मोठ्या अक्षरांत नाव आहे, 'हत्यारा कौन'. तुम्ही अधाशासारखं वाचायला बसता, आणि दुसऱ्याच पानावर डोकं गरगरायला लागतं. हा कोण? तो का रडतोय? मेलं कोण? कारण सोपं आहे. ही गोष्टीची दुसरी बाजू आहे! पहिली बाजू 'मैंने मारा ध्रुव को' या अंकात आहे, आणि तो तुमच्याजवळ नाही.

सुपर कमांडो ध्रुवच्या बाबतीत असं पुष्कळांचं होतं. रद्दीच्या दुकानात जो अंक दिसला तो उचलला, मामाच्या गावी जो सापडला तो वाचला. पण रहस्य आधी आणि सुरुवात नंतर वाचली की गंमत निम्मी होते. म्हणून या वेळी आपण ध्रुवचे अंक कोणत्या क्रमाने वाचावेत, ते नीट लावून घेऊ. गुपितं मात्र फोडायची नाहीत, बरं का!

हा ध्रुव कोण?

दिल्लीच्या राज कॉमिक्सने १९८७ साली ध्रुवची पहिली गोष्ट काढली. ती लिहिली आणि चितारली अनुपम सिन्हा यांनी. एकच माणूस लेखक आणि चित्रकारही! त्यामुळे ध्रुवच्या गोष्टीत शब्द आणि चित्र यांची जोडी चांगली जमलेली दिसते.

ध्रुवजवळ जादू नाही. तो उडत नाही, डोळ्यांतून किरण सोडत नाही. तो सर्कशीत जन्मलेला मुलगा. झोपाळ्यावरच्या उड्या, तोल, मोटारसायकल, नेमबाजी आणि हातापायांची लढाई हे सगळं त्याने सरावाने मिळवलंय. प्राणी-पक्ष्यांची भाषा त्याला कळते, तीही सर्कशीतल्या जनावरांबरोबर वाढल्यामुळे. तोंडावर मुखवटासुद्धा नाही. राजनगर नावाच्या शहरात तो उघड्या चेहऱ्याने फिरतो आणि बंदुकीपेक्षा डोक्याचा वापर जास्त करतो. साखळीने बांधून पाण्यात फेकला, तरी आधी आजूबाजूला काय काय आहे ते बघतो, आणि त्यातूनच सुटकेची वाट काढतो. पुष्कळदा त्यात शाळेतलं विज्ञान असतं. म्हणजे पान उलटण्याआधी तुम्हीही विचार करून बघू शकता, 'मी असतो तर कसा सुटलो असतो?'

पहिली पायरी : सुरुवात म्हणजे सुरुवातच

सगळ्यात आधी 'प्रतिशोध की ज्वाला'. नावाचा अर्थ सूडाची आग. ज्युपिटर सर्कस, तिथले कसरतपटू श्याम आणि राधा, आणि त्यांचा मुलगा ध्रुव. धंद्यातल्या वैरापायी या सर्कशीला आग लावली जाते आणि एका रात्रीत मुलाचं सगळं जग जळून जातं. पुढे तो काय करतो, ते अंकातच वाचा.

हा अंक पहिला का? तर यात एक प्रश्न आहे, जो पुढे ध्रुवच्या प्रत्येक गोष्टीत त्याच्यासोबत चालतो. ज्यांनी आपल्या आई-बाबांना मारलं, त्यांच्याशी कसं वागायचं? ध्रुव पुढे गुन्हेगाराचा जीव घेण्याऐवजी त्याला कायद्याच्या हाती का देतो, हे कळायचं असेल तर ही आग आधी पाहायला हवी. नाहीतर तो नुसताच 'चांगला मुलगा' वाटतो. ही गोष्ट वाचल्यावर कळतं की असं वागणं त्याला किती जड गेलं असेल.

पोलीस अधिकारी राजन मेहरा ध्रुवला आपल्या घरी आणतात. त्या घरात त्याला आई मिळते आणि श्वेता नावाची हुशार बहीणही मिळते. या श्वेतावर लक्ष ठेवा! तिचं एक गुपित वाचकांना कळतं, पण भावाला कितीतरी दिवस कळत नाही.

यानंतर 'रोमन हत्यारा' वाचा.

दुसरी पायरी : पहिली जोडगोळी

'आदमखोरों का स्वर्ग' आणि 'स्वर्ग की तबाही' ही एकच गोष्ट दोन अंकांत आहे. पहिला मिळाला आणि दुसरा नाही, तर थोडा धीर धरा. दोन्ही जमल्यावर एका रविवारी सलग वाचा.

इथे एक खूण लक्षात ठेवा. अंकाच्या शेवटच्या चौकटीकडे बघायचं. गोष्ट अपुरी असेल तर पुढच्या भागाचं नाव तिथे छापलेलं असतं. अंक विकत घेण्याआधी शेवटचं पान बघणं म्हणजे लबाडी नाही, ती शहाणी खरेदी आहे. फक्त चौकट बघा, चित्रं बघू नका!

तिसरी पायरी : मोकळं रान

आता थोडी मोकळीक. 'मौत का ओलंपिक', 'समुद्र का शैतान', 'बर्फ की चिता', 'लहू के प्यासे', 'महामानव', 'खूनी खिलौने' यांतला जो मिळेल तो वाचा. याच काळात ध्रुवची 'कमांडो फोर्स' तुमच्या ओळखीची होते. पीटर, करीम आणि रेणू हे त्याचे तीन साथीदार. त्यांची नावं पाहिलीत? तीन नावं, तीन घरं, आणि काम एकच.

या पायरीवर नियम एवढाच, की खलनायकाची पहिली भेट आधी आणि दुसरी नंतर. 'ग्रैंड मास्टर रोबो' वाचल्याशिवाय 'रोबो का प्रतिशोध' उघडायचा नाही. अंकाच्या नावात 'वापसी', 'प्रतिशोध' किंवा 'बदला' असा शब्द दिसला की समजा, हे महाशय याआधी एकदा येऊन गेलेत. 'चंडकाल की वापसी' हे त्याचं उत्तम उदाहरण. रोबोची मुलगी नताशा हिलाही विसरू नका. बाप गुन्हेगार असला म्हणजे मुलीने काय करायचं? तिची गोष्ट हळूहळू, बऱ्याच अंकांतून उलगडते.

चौथी पायरी : आता ती अवघड जोडी

आता कुठे 'मैंने मारा ध्रुव को' आणि त्यामागून 'हत्यारा कौन'. यात ध्रुवचे जुने शत्रू पुढे येऊन म्हणतात, 'ध्रुवला मी मारलं!' खुनाचं श्रेय घ्यायला भांडण! पण हे शत्रू तुम्हाला आधी भेटलेले असतील, तरच मजा. कोण फुशारकी मारतोय आणि कोण खरंच करू शकतो, हे तुम्हाला ओळखता आलं पाहिजे. म्हणूनच ही जोडी चौथ्या पायरीवर ठेवली.

मग 'खूनी खानदान', 'अतीत' आणि 'जिग्सा' या तीन अंकांची माळ, याच क्रमाने. ध्रुवच्या मागच्या पिढ्यांचा शोध यात आहे. 'प्रतिशोध की ज्वाला' वाचून पुष्कळ दिवस झाले असतील तर ती पुन्हा एकदा चाळा आणि मग या माळेला हात घाला.

पाचवी पायरी : दोन नायक एकत्र

राज कॉमिक्सचा दुसरा मोठा नायक म्हणजे नागराज. तो ध्रुवच्याही आधीचा, १९८६ सालचा. ध्रुवबरोबरचे त्याचे अंक वाचण्याआधी त्याचा पहिला अंक 'नागराज' वाचायलाच हवा. प्रोफेसर नागमणी नावाचा शास्त्रज्ञ त्याला एखाद्या हत्यारासारखा तयार करतो, दहशतवाद्यांना भाड्याने देण्यासाठी! आणि त्याला या गुलामीतून सोडवतात ते बाबा गोरखनाथ. नवनाथांच्या पोथीमुळे हे नाव आपल्याकडे घरोघर माहीत आहे. त्यामुळे आजीलाही ही गोष्ट सांगून बघा.

पुढे 'नागराज की कब्र' आणि 'नागराज का बदला', मग 'नागराज की हांगकांग यात्रा' आणि 'नागराज और शांगो' ही जोडी. एवढं वाचलं तरी ओळख पुरे. पुढच्या काळात नागराजच्या जन्माची गोष्ट नव्याने, राजघराण्यातला मुलगा म्हणून सांगितली गेली. दोन गोष्टी जुळत नाहीत असं वाटलं तर गोंधळू नका. जुनी आधी, नवी नंतर.

आणि हो, मराठी वाचकांनी अभिमानाने सांगावं असं एक. नागराजला पहिलं रूप दिलं ते पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांनी. 'अमर चित्र कथा'ची चित्रं काढणारे तेच हे मुळीक. नंतर संजय अष्टपुत्रे यांनीही नागराज चितारला. विठ्ठल कांबळे आणि मिलिंद मिसाळ ही शाईकाम करणाऱ्यांची नावं अंकांच्या पहिल्या पानावर भेटतात. शाईकाम म्हणजे पेन्सिलीच्या चित्रावर काळ्या रेघा पक्क्या करणं. अंक हाती आला की ही नावं जरूर शोधा.

आता १९९१ चा 'नागराज और सुपर कमांडो ध्रुव' हा विशेषांक उघडा. त्यानंतर 'राजनगर की तबाही'. सगळ्यात शेवटी 'नागायण'. रामायणाच्या धर्तीवर रचलेली ही आठ भागांची लांबलचक कथा आहे. तिचा क्रम असा : वरण कांड, ग्रहण कांड, हरण कांड, शरण कांड, दहन कांड, रण कांड, समर कांड, इति कांड. इथे एकही पायरी गाळून चालत नाही.

एक सापळा!

ध्रुवच्या लहानपणावर 'बालचरित' नावाची एक नवी मालिका निघाली. तिचा क्रम असा : 'हंटर्स', 'फ्लैशबैक', 'नो मैन्स लैंड', 'फीनिक्स', 'डेड एंड', 'एंड गेम'. लहानपण म्हणजे आधीचं, मग हीच आधी वाचावी, असं कुणालाही वाटेल. पण तसं करू नका! ती लिहिली गेली फार नंतर. जुनी गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, असं धरूनच ती पुढे जाते. जुन्या सर्कशीच्या गोष्टीकडे नव्या डोळ्यांनी बघायचं असेल तर जुनी गोष्ट आधी माहीत हवी ना? म्हणून बालचरित सर्वांत शेवटी.

अंकावरच्या आकड्यांची गंमत

अंकावर क्रमांक असतो, मग त्यानेच का वाचू नये? कारण तो क्रमांक ध्रुवचा नसतो, प्रकाशनाचा असतो. एका क्रमांकावर ध्रुव, तर पुढच्यावर भलताच नायक. शिवाय साधे अंक आणि जाडजूड विशेषांक यांचे क्रमांक वेगवेगळे चालतात. २०२० नंतर जुने अंक 'राज कॉमिक्स बाय संजय गुप्ता' आणि 'राज कॉमिक्स बाय मनोज गुप्ता' अशा नावांनी पुन्हा छापले गेले. त्यामुळे जुन्या प्रतीसाठी कुणी भलतीच किंमत सांगितली तर हुरळून जाऊ नका. वाचायला पुनर्मुद्रणही तेवढंच चांगलं. आणि त्याआधी घरातली माळ्यावरची पेटी बघा. आई-बाबा किंवा काका त्या काळात शाळेत असतील, तर एखादा ध्रुव तिथे झोपलेला असायचा!

कागदावरची लाथ आणि खरी लाथ

ध्रुव एका उडीत चौघांना लोळवतो. ते चित्रात. घरी पलंगावरून धाकट्या भावावर प्रयोग करू नका. खरं शिकायचं तर गुरू हवा आणि रोजचा सराव हवा. तो बघायला लांब जायला नको. नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या होला महल्ल्याच्या मिरवणुकीत गतका खेळणाऱ्यांचे हात बघा. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९६९ साली महाराष्ट्र केसरीचा मान मिळवला, तो तालमीच्या मातीत घाम गाळून. ध्रुवलाही त्याची उडी सर्कशीतल्या सरावानेच आली होती.

पालकांसाठी दोन शब्द

'लातूर पॅटर्न'च्या आपल्या मुलखात 'अभ्यास सोडून चित्रं काय बघतोस?' हे वाक्य नवं नाही. पण क्रम लावून वाचणारं मूल आधीचं लक्षात ठेवतं, दुवे जोडतं, पुढचा अंदाज बांधतं. हिंदीचा सराव होतो तो वेगळाच. मात्र सगळी कॉमिक्स सगळ्या वयांसाठी नसतात. त्याच प्रकाशनाचा, मुंबईत घडणाऱ्या गोष्टींचा नायक डोगा बंदूक चालवतो आणि गुन्हेगारांना सरळ ठार करतो. तो मोठ्या मुलांनी वाचावा, आणि वाचल्यावर घरात त्यावर बोलणं व्हावं. 'डोगा बरोबर की ध्रुव?' हा प्रश्न जेवताना विचारून बघा. मुलं काय बोलतात, ते ऐकण्यासारखं असतं. आणि मराठीत असाच चपळ मुलगा हवा असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच.

हे करून पाहा

एक शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर वर दिलेल्या क्रमाने अंकांची नावं लिहा. वाचून झालेल्यापुढे बरोबरची खूण करा. उजव्या पानावर दोनच ओळी : ध्रुव कशामुळे सुटला, आणि तुम्ही कसे सुटला असता. नांदेडच्या मित्राजवळ 'आदमखोरों का स्वर्ग' असेल आणि लातूरच्या मावसबहिणीकडे 'स्वर्ग की तबाही', तर सुट्टीत अदलाबदल करा. फक्त पानं दुमडू नका आणि घेतलेला अंक परत द्यायला विसरू नका!

तुमचा क्रम आमच्यापेक्षा वेगळा असेल तर कारणासह जरूर लिहून कळवा.