रिकामे गोलजाळे आणि भरलेले तुरुंग : १९७४च्या विश्वचषकाचे राजकारण

१९७४च्या फुटबॉल विश्वचषकातली एक जागा अशा सामन्याने ठरली, ज्यात मैदानावर एकच संघ होता. २१ नोव्हेंबर १९७३ रोजी सांतियागोच्या राष्ट्रीय मैदानात चिलीचे खेळाडू मध्यरेषेवरून निघाले, आपसांत चेंडू देत-घेत सावकाश पुढे गेले आणि कर्णधार फ्रान्सिस्को वाल्देस याने तो रिकाम्या गोलजाळ्यात ढकलला. अडवायला कोणी नव्हते, कारण सोव्हिएत संघ आलाच नव्हता. पंचांनी खेळ थांबवला आणि चिलीला २-० असा विजय बहाल झाला. जमलेल्या प्रेक्षकांसाठी मग ब्राझीलच्या सांतोस क्लबशी मैत्रीपूर्ण सामना खेळवण्यात आला. त्यात चिली ०-५ असा हरला.

सोव्हिएत संघ का आला नाही, याचे उत्तर दहा आठवडे मागे जाते. ११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल ऑगुस्तो पिनोशे आणि इतर सेनाधिकाऱ्यांनी बंड करून लोकनियुक्त समाजवादी राष्ट्राध्यक्ष साल्वादोर अय्येंदे यांची सत्ता उलथवली. अय्येंदे यांचा त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात मृत्यू झाला. धरपकड इतकी मोठी होती की तुरुंग अपुरे पडले, आणि लष्कराने राष्ट्रीय मैदानाचीच छावणी केली. ११ वर्षांपूर्वी, १९६२च्या विश्वचषकाचा अंतिम सामना याच मैदानात झाला होता. आता तिथल्या प्रेक्षागृहात, ड्रेसिंग रूममध्ये आणि बोगद्यांत कैदी ठेवले जात होते. बंडानंतरच्या दुसऱ्याच आठवड्यात रेड क्रॉसला तिथे सुमारे ७,००० माणसे आढळली. अनेकांचा छळ झाला, काहींना ठार मारण्यात आले. (प्रसिद्ध गायक व्हिक्टर हारा यांची हत्या या मैदानात झाली असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते, ते चूक आहे. ती ‘एस्तादिओ चिले’ या शहरातल्याच दुसऱ्या, बंदिस्त क्रीडागृहात झाली.)

चिली आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या पात्रता फेरीच्या दोन सामन्यांपैकी पहिला मॉस्कोत २६ सप्टेंबरला, म्हणजे बंडानंतर पंधराव्या दिवशी झाला. सोव्हिएत सरकारने तोवर चिलीशी राजनैतिक संबंध तोडले होते. एलियास फिगेरोआच्या भक्कम बचावामुळे चिलीने ०-० अशी बरोबरी साधली, आणि सगळे आता सांतियागोच्या परतीच्या सामन्यावर येऊन ठेपले. रक्ताने माखलेल्या मैदानात आपण खेळणार नाही, सामना तटस्थ देशात घ्या, अशी मागणी सोव्हिएत महासंघाने केली.

फिफाने यावर दोन पदाधिकारी पाहणीसाठी पाठवले : उपाध्यक्ष, ब्राझीलचे आबिलिओ द आल्मेइदा आणि सरचिटणीस, स्वित्झर्लंडचे हेल्मुट केझर. २४ ऑक्टोबरला ते मैदानात फिरले तेव्हा कैदी तिथेच होते. त्यांना प्रेक्षागृहाखाली, पाहुण्यांच्या नजरेआड दडवले होते. शहरात सर्व सुरळीत आहे आणि मैदानातले लोक कैदी नसून ओळख पटवण्यासाठी ठेवलेले स्थानबद्ध आहेत, असा अहवाल फिफाकडे गेला. सामना सांतियागोतच होईल, असा निर्णय झाला. उरलेल्या कैद्यांपैकी अनेकांना उत्तरेकडच्या आताकामा वाळवंटातल्या चाकाबुको या ओसाड खाणवस्तीत हलवले गेले, आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मैदान रिकामे झाले.

सोव्हिएत भूमिकाही शंभर टक्के निर्मळ म्हणता येत नाही. पाचच वर्षांपूर्वी प्राग शहरात रणगाडे घालणाऱ्या सरकारने चिलीतल्या अत्याचारांवर बोट ठेवले होते. पण बोट कोणी ठेवले यामुळे अत्याचार खोटे ठरत नाहीत. खेळात राजकारण आणू नये हे फिफाचे जुने सूत्र होते. ते इथे लावताना फिफाने प्रत्यक्षात एका राजवटीला चांगल्या वागणुकीचे प्रमाणपत्र दिले. त्या वर्षीच्या सगळ्या विचित्र घटनांच्या मुळाशी हेच आहे : राजकारण नाकारण्याची भाषा नेहमी सत्तेवर असलेल्याच्याच कामी आली, आणि त्याची किंमत खेळाडूंनी मोजली.

सर्वांत मोठी किंमत कार्लोस कासेली याला मोजावी लागली. चिलीचा हा चपळ आघाडीवीर अय्येंदे यांचा उघड समर्थक होता. एकाच संघाने खेळलेल्या त्या सामन्यातही तो होता, आणि पुढे त्या प्रसंगाबद्दल त्याने लाज व्यक्त केली. जर्मनीला निघण्यापूर्वी संघाला निरोप द्यायला पिनोशे आले तेव्हा त्यांच्याशी हस्तांदोलन करण्याचे कासेलीने टाळले. त्याच्या आईला अटक करून तिचा छळ करण्यात आला होता. विश्वचषकात १४ जून १९७४ रोजी पश्चिम जर्मनीविरुद्ध कासेलीला लाल कार्ड मिळाले. विश्वचषकाच्या इतिहासातले ते पहिले लाल कार्ड. सरकारधार्जिण्या वृत्तपत्रांनी त्याच्यावर झोड उठवली. चौदा वर्षांनी, ५ ऑक्टोबर १९८८ला, पिनोशे यांना आणखी आठ वर्षे द्यायची की नाही यावर सार्वमत झाले. विरोधकांच्या दूरचित्रवाणी प्रचारात एक वृद्ध स्त्री आपला छळ कसा झाला ते शांतपणे सांगते, मग शेजारी कासेली दिसतो आणि ही माझी आई आहे असे सांगतो. सुमारे ५६ टक्के मतदारांनी पिनोशे यांना नकार दिला.

त्या विश्वचषकाच्या तोंडावर फिफातही सत्तांतर झाले. ११ जून १९७४ रोजी फ्रँकफर्टमध्ये ब्राझीलचे जोआव हॅवलांज यांनी इंग्रज अध्यक्ष सर स्टॅन्ली राऊस यांचा पराभव केला. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेबद्दल राऊस यांनी दाखवलेली नरमाई आफ्रिकी देश विसरले नव्हते. आशिया-आफ्रिकेला अधिक जागा देण्याचे हॅवलांज यांचे आश्वासन त्यांना जवळचे वाटले.

सोडतीने आणखी एक योग घडवला. पूर्व आणि पश्चिम जर्मनी एकाच गटात आले, आणि चिलीही त्याच गटात. सोव्हिएत संघाचा मित्र असलेला पूर्व जर्मनी पिनोशेंच्या चिलीशी पश्चिम बर्लिनमध्ये खेळला आणि सामना १-१ असा सुटला. पण उत्सुकता होती ती २२ जूनच्या हॅम्बुर्गमधल्या सामन्याची. दोन्ही देशांनी १९७२ अखेरच्या करारानंतर एकमेकांशी रीतसर संबंध सुरू केले होते. तरी पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट यांच्या कार्यालयातला ग्युंटर गियोम हा पूर्व जर्मनीचा हेर निघाल्याने ब्रांट यांना दीडच महिन्यापूर्वी राजीनामा द्यावा लागला होता. पूर्वेकडून निवडून पारखलेल्या सुमारे दीड हजार प्रेक्षकांनाच सीमा ओलांडू दिली गेली. ७७व्या मिनिटाला माग्देबुर्गच्या युर्गेन श्पारवासर याने गोल केला आणि पूर्व जर्मनी १-० असा जिंकला. दोन जर्मनींच्या राष्ट्रीय संघांचा हा एकमेव सामना. यजमान पश्चिम जर्मनीच्या हा पराभव उलट पथ्यावर पडला : पुढच्या फेरीत ब्राझील आणि नेदरलँड्स यांच्याशी गाठ टळली, आणि ७ जुलैला म्युनिकमध्ये त्यांनी विश्वचषक जिंकला. श्पारवासरचा गोल पूर्वेकडच्या सरकारने आपल्या व्यवस्थेचा विजय म्हणून मिरवला. बंगला आणि मोटार मिळाल्याच्या अफवा त्याने नेहमी फेटाळल्या. जानेवारी १९८८मध्ये माजी खेळाडूंच्या एका स्पर्धेसाठी पश्चिमेकडे गेलेला श्पारवासर परतलाच नाही.

त्याच २२ जूनला गेल्सनकिर्खेनमध्ये ब्राझीलसमोर झाईर, म्हणजे आजचा काँगो लोकशाही प्रजासत्ताक, उभा होता. विश्वचषकात पोहोचलेला सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचा तो पहिला संघ. हुकूमशहा मोबुटूंनी १९७१मध्ये देशाचे नाव बदलले, सगळ्या गोष्टींना आफ्रिकी रूप देण्याची मोहीम काढली, संघाला ‘बिबटे’ हे नाव दिले आणि त्यावर पैसा ओतला. मार्च १९७४मध्ये संघाने आफ्रिका चषक जिंकला. त्यात न्दाये मुलांबाने नऊ गोल केले. जर्मनीत मात्र स्कॉटलंडकडून ०-२ हार झाल्यावर ठरलेले पैसे मिळणार नाहीत, असे खेळाडूंना कळले. ते अधिकाऱ्यांनी लाटले, असा खेळाडूंचा आरोप होता. त्यांनी खेळायला नकार दिला, कसेबसे मैदानात उतरले आणि युगोस्लाव्हियाकडून ०-९ असे हरले. बचावपटू म्वेपु इलुंगा याने पुढे सांगितले, त्यानुसार मोबुटूंची माणसे हॉटेलवर आली आणि ब्राझीलकडून चार गोलांनी हरलात तर घरी परतू नका, असे धमकावून गेली.

ब्राझीलला पुढच्या फेरीसाठी तीन गोलांनी जिंकणे आवश्यक होते. उत्तरार्धात ब्राझीलला फ्री किक मिळाली. पंचांची शिट्टी वाजली आणि ब्राझीलचा खेळाडू चेंडूकडे जाण्याआधीच म्वेपु बचावभिंतीतून धावत सुटला आणि त्याने चेंडू दूर लाथाडला. त्याला पिवळे कार्ड मिळाले. युरोपातल्या समालोचकांनी याला आफ्रिकी अडाणीपणा ठरवले, आणि पुढे कित्येक वर्षे ते दृश्य विश्वचषकातल्या गमतींमध्ये दाखवले गेले. आफ्रिकेचा विजेता संघ फ्री किकचा नियम जाणत नाही, हे कोणाला खरे कसे वाटले, हाच खरा प्रश्न आहे. नियम मला पक्का ठाऊक होता, ती कृती जाणूनबुजून केली, असे म्वेपुने नंतर स्पष्ट केले. सामना ०-३ असा संपला आणि संघ मायदेशी परतला.

मोबुटूंनी मग फुटबॉलवरचा हात काढून घेतला. ३० ऑक्टोबर १९७४ला किन्शासात झालेल्या मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्या मुष्टियुद्धासाठी त्यांनी तिजोरी उघडली, आणि १९७८च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीतून झाईरने माघार घेतली.