लोकरीची चिमूट : कृत्रिम माशीसाठी घरगुती डबिंग

मासे पकडण्याच्या कृत्रिम माशीचे अंग ज्या केसाळ मिश्रणाचे बनते, त्याला डबिंग म्हणतात. बांधणीच्या धाग्याला मेण चोळायचे, त्यावर लोकरीची विरळ चिमूट धरायची, बोटांनी एकाच दिशेने पीळ द्यायचा आणि तो केसाळ धागा गळाच्या दांडीवर गुंडाळायचा, एवढीच कृती. तिसऱ्या शतकाच्या सुमारास रोमन लेखक एलियन याने मॅसिडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळतात, असे लिहून ठेवले आहे. 1496 साली इंग्लंडमध्ये छापलेल्या पुस्तकात 12 माश्यांची कृती आहे आणि त्यांतही लोकर आहेच.

विकतचे डबिंग बरेचदा एकरंगी असते, तर खरा किडा एकरंगी नसतो. जवळून पाहिले तर त्याच्या अंगात पिवळा, तपकिरी, राखाडी असे कितीतरी कण मिसळलेले दिसतात. म्हणून जाणकार बांधणारे आपले मिश्रण घरी करतात. इंग्लंडमधल्या टिव्हर्टनचे आर. एस. ऑस्टिन यांनी 1900 च्या सुमारास बांधलेली ‘टप्स इन्डिस्पेन्सेबल’ ही माशी निव्वळ मिश्रणामुळे गाजली. मेंढ्याच्या वृषणावरची लोकर, पिवळट कुत्र्याचे केस आणि थोडी किरमिजी मोहेर यांचे ते मिश्रण 1934 पर्यंत गुपित राहिले. त्या लोकरीतून प्रकाश आरपार जातो आणि ती पाण्यात लवकर चिंब होत नाही.

परंपरेने सर्वांत मानाची सामग्री म्हणजे सशाच्या कानाची आणि तोंडावरची लव. तिच्यात आखूड राठ केस आणि मऊ तळलव दोन्ही असतात. मऊ भाग धाग्याला धरून राहतो, राठ केस बाहेर पायांसारखे उभे राहतात. भारतात मात्र रानससा, मुंगूस, रानकोंबडा यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांचे केस वा पिसे वापरू नयेत, आणि वापरण्याची गरजही नाही.

उदाहरणार्थ, यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात पूस आणि पैनगंगा या नद्या आहेत. इथली मासेमारी जाळ्याची आणि गांडुळाच्या गळाची. माशी बांधण्याची परंपरा इथे नाही. पण डबिंगचे सामान इथे हाताशी आहे. खतासाठी शेतात मेंढ्या बसवण्याची रीत महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागाला जुनीच. दख्खनी मेंढीची काळी-करडी, राठ लोकर घोंगडीसाठी कातरतात, पिंजतात आणि मग सूत काढतात. डबिंगही तसेच चालते. फक्त पिंजण्यापाशी थांबायचे असते. मेंढीची लोकर राठ केसांचे काम करते. मऊपणासाठी पाळीव सशाची किंवा बोकडाची तळलव, विंचरताना निघालेले कुत्र्याचे केस, थोडा रेशमी चुरा घालावा. कापूस या भागात मुबलक असला तरी तो कामाचा नाही. तो पाणी पिऊन गोळा होतो.

लोकर आधी रिठ्याच्या किंवा साबणाच्या कोमट पाण्यात धुवावी. तरंगणाऱ्या माशीसाठी धुणे हलकेच करावे, म्हणजे लोकरीचे तेल थोडे टिकते. बुडणाऱ्या माशीसाठी ते पूर्ण काढावे. पाणी एकदम गरम-थंड केले किंवा लोकर चोळली की नमदा होतो आणि तो पुन्हा सुटत नाही. रंगवायचे असल्यास पळसाच्या फुलांचा काढा तुरटीसह वापरावा. पिवळ्या-नारिंगी छटा मिळतात. हळदीचा रंग सुंदर चढतो, पण उन्हात उडतो.

मिसळण्याआधी लोकर साधारण एक सेंटिमीटर लांबीची कापून घ्यावी. लांब तंतू मिक्सरच्या पात्याला गुंडाळले जातात. थोडेसे मिश्रण दोन तारेच्या ब्रशांत पिंजले तरी पुरते; जास्त असेल तर मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात एकेक-दोन सेकंदांचे झटके द्यावेत. तिसरी रीत ओली: बरणीत कोमट पाणी, साबणाचा थेंब आणि तंतू घालून हलवायचे, गाळायचे, सुकवून पुन्हा पिंजायचे. घाई नसेल तर ही रीत सर्वांत चांगली, कारण रंग एकजीव होतात तरी तंतू तुटत नाहीत.

रंगाचा निर्णय कोरड्यावर कधीच करू नये. भिजल्यावर रंग एक-दोन छटा गडद होतो. चार्ल्स कॉटन यांनी 1676 मध्येच सांगितले होते की मिश्रण डोळा आणि सूर्य यांच्यामध्ये धरून पाहावे. मासा माशीला खालून, आकाशाच्या उजेडासमोर पाहतो, आणि त्या उजेडात तळहातावर करडे दिसणारे मिश्रण पिवळसर उजळते. ओली चिमूट उन्हासमोर धरण्याइतकी स्वस्त आणि खात्रीची परीक्षा दुसरी नाही.

बांधताना चिमूट वाटते त्याच्या निम्मी घ्यावी. शेपटीकडे बारीक, छातीकडे जाड असा पीळ चढवावा. मधमाशीच्या मेणात थोडी राळ मिसळली तर धागा चिकट राहतो. बांधून झाल्यावर सुईने छातीजवळचे केस उपसावेत. त्यांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि मासा त्या चमकेला फसतो.

तयार मिश्रण लहान पिशव्यांत, प्रत्येकीवर प्रमाण लिहून ठेवावे; चांगला रंग जमल्यावर तो पुन्हा जमवणे प्रमाणाशिवाय जवळपास अशक्य असते. कसर लागू नये म्हणून सुकलेला कडुनिंबाचा पाला किंवा डांबरगोळी घालावी आणि पावसाळ्यात पिशव्या ओलीपासून जपाव्यात.