सायकलपटूने तापवलेला समुद्र

ब्रिटनीचा समुद्र डुंबण्यासाठी फारसा बरा नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. फ्रान्सच्या वायव्य टोकाला अटलांटिकमध्ये घुसलेला हा प्रांत. ऐन ऑगस्टमध्येही इथलं पाणी सतरा-अठरा अंशांच्या आसपास असतं, हिवाळ्यात दहाच्या घरात. सकाळी ऊन, दुपारी भुरभुर, संध्याकाळी पुन्हा ऊन, हे रोजचंच. ज्याला निळं पाणी आणि भाजणारी वाळू हवी तो दक्षिणेला भूमध्य समुद्राकडे जातो. तरीही ब्रिटनीच्या किनाऱ्यावरची मोठी हॉटेलं थंडीच्या दिवसांतही पाहुणे बोलावतात, आणि पाहुणे येतात. ते समुद्रात उतरत नाहीत. समुद्रच पंपाने आत ओढलेला, गाळलेला आणि तापवलेला असतो. त्यात ते उतरतात.

या विश्रांतीला फ्रान्समध्ये थालासोथेरपी म्हणतात, बोलताना नुसतं ‘थालासो’. तिचं आजचं, हॉटेलाला जोडलेलं रूप बघायचं तर दक्षिण ब्रिटनीतल्या किबरोंला जावं.

किबरों हा सुमारे 14 किलोमीटर लांबीचा चिंचोळा द्वीपकल्प आहे. एके काळी ते बेटच होतं. लाटांनी आणून टाकलेल्या वाळूने ते मुख्य भूमीला जोडलं गेलं. पाँतिएव्र इथे ही वाळूची पट्टी इतकी अरुंद होते, की रस्ता, रेल्वेचा रूळ आणि दोन्हीकडे पाणी, एवढंच काय ते उरतं. शेजारी किल्ला आहे. 1795 मध्ये इंग्रजांच्या जहाजांतून आलेले राजनिष्ठ सरदार जवळच उतरले आणि जनरल ओशच्या क्रांतिकारी फौजेने त्यांना याच पट्टीच्या आत कोंडून त्यांचा निकाल लावला. पश्चिमेच्या अंगाला ‘कोत सोव्हाज’, म्हणजे रानटी किनारा: काळे कातळ, कपारी, उसळणारं पाणी. तिथे पोहणं जिवावरचं काम आहे. पूर्वेला मात्र शांत उपसागर, बारीक वाळू, शिडाच्या होड्या. एकाच गावाला असे दोन स्वभाव. मासेमारांनी आधी एकाचा पैसा केला, हॉटेलवाल्यांनी नंतर दुसऱ्याचा.

कारण किबरों आधी सार्डिनचं गाव होतं. होड्या भरभरून मासळी यायची आणि बायका कारखान्यांत ती तेलात मुरवून डबे भरायच्या. 1882 मध्ये ओरे या गावाहून रेल्वे आली, तिच्याबरोबर उन्हाळी पाहुणेही आले. 1932 मध्ये सुरू झालेला ‘ला बेल-इलवाझ’ हा डबाबंद मासळीचा कारखाना आजही चालू आहे. त्याचे रंगीबेरंगी डबे घेतल्याशिवाय पाहुणा सहसा परतत नाही.

समुद्राचं पाणी औषध म्हणून वापरायची कल्पना मात्र किबरोंची नाही. ती उत्तरेकडच्या रोस्कॉफची. रोस्कॉफ म्हणजे गुलाबी कांद्याचं गाव. इथले शेतकरी एकोणिसाव्या शतकापासून जहाजाने इंग्लंडात जाऊन, पुढेपुढे सायकलीवर कांद्याच्या वेण्या लटकावून दारोदार विकत. 1872 मध्ये इथे प्राणिशास्त्रज्ञ लाकाझ-द्युतिए यांनी सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा काढली. तीही आज चालू आहे. अशा गावात 1899 मध्ये लुई बागो या डॉक्टरांनी रॉकरूम सागरी संस्था स्थापन केली. संधिवाताच्या रुग्णांना तापवलेल्या समुद्रपाण्यात हालचाली करायला लावायच्या, असा त्यांचा उपचार. थंड लाटांत रुग्णाला बुचकळून काढण्याची जुनी फॅशन होती, तिच्या मानाने हे फारच माणुसकीचं होतं.

पुढे 1904 मध्ये रने कँतों या अभ्यासकाने, समुद्राचं पाणी आणि आपल्या रक्तातला द्रव यांत मूळचं साम्य आहे, असा सिद्धांत जाडजूड ग्रंथात मांडला. त्याचा गाजावाजा खूप झाला. त्यातलं बरंचसं पुढे टिकलं नाही, पण जाहिरातींच्या पत्रकांत कँतों आजही भेटतो.

आणि मग या गोष्टीत एक सायकलपटू येतो.

लुईझाँ बोबे 1925 मध्ये सँ-मेएँ-ल-ग्राँ या ब्रिटनीच्याच, पण समुद्रापासून दूरच्या गावी जन्मला. बाप बेकरीवाला. 1953, 1954 आणि 1955 अशी लागोपाठ तीन वर्षं त्याने तूर द फ्रान्स जिंकली. तोवर हे कोणालाच जमलं नव्हतं. त्यांतली शेवटची शर्यत तर त्याने खोगिराच्या घर्षणाने झालेल्या जखमांच्या असह्य वेदनेत पुरी केली आणि नंतर त्याला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मोटार अपघातात पाय जायबंदी झाला आणि कारकीर्द संपल्यात जमा झाली. उपचारासाठी तो रोस्कॉफला, बागो यांच्या संस्थेत गेला. तिथल्या गरम खाऱ्या पाण्याने त्याला बरं वाटलं.

बरं वाटलेली माणसं बहुधा डॉक्टरांचे आभार मानून घरी जातात. बोबेने त्यातला धंदा ओळखला. रोस्कॉफला येणारा माणूस रुग्ण होता. आजारी नसलेला, नुसता थकलेला माणूस का येऊ नये? त्याला इस्पितळाच्या खाटेऐवजी समुद्राकडे उघडणारी खिडकी आणि चांगलं जेवण द्यावं, एवढाच फरक. 1964 मध्ये बोबेने किबरोंच्या टोकाला, गुलव्हारच्या किनाऱ्यावर आपलं केंद्र उघडलं. फ्रान्सचा लाडका सायकलपटू सांगतो आहे म्हटल्यावर जाहिरातीची गरज किती? उत्तरेला सँ-मालोत आदल्याच वर्षी असं केंद्र सुरू झालं होतं. पण या उपचाराला घरोघर पोहोचवलं ते बोबेच्या नावाने. पुढे किबरोंचं केंद्र अकोर या हॉटेल कंपनीकडे गेलं आणि तिथे सोफितेलची पाटी लागली. 1983 मध्ये, अठ्ठावन्नावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी बोबे वारला. हॉटेलासमोरच्या रस्त्याला आता त्याचं नाव आहे.

या हॉटेलांतला दिवस कसा जातो, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण खरी गंमत तिथेच आहे. ठरलेला मुक्काम सहा दिवसांचा. आल्या आल्या डॉक्टर किंवा नर्स रक्तदाब, सांधे, जुनी दुखणी यांची चौकशी करतात आणि हाती वेळापत्रक पडतं. दिवसाला साधारण चार उपचार. सव्वानऊला टबातलं गरम समुद्रपाणी, त्यात पायांपासून मानेपर्यंत क्रमाने सुटणारे फवारे. मग शैवालाचा लेप: हिरवट-तपकिरी लगदा अंगभर थापून वीसेक मिनिटं उबदार गुंडाळून ठेवतात. वास मासळीबाजाराच्या जवळपास जाणारा, त्याला इलाज नाही. मग नळीचा मारा. तुम्ही भिंतीशी उभे, आणि दोन-तीन मीटरवरून एक बाई हातातल्या जाड नळीने पोटऱ्या, मांड्या, पाठ ठोकून काढतात. शेवटी मोठा तलाव, जेमतेम तेहतीस अंशांचा. त्यात रांगेने उभं राहून व्यायाम. बाहेर काचेपलीकडे दुसरा समुद्र, थंड आणि करडा.

दिवसभर सगळे पांढऱ्या बाथरोबमध्ये. खोलीतून लिफ्टने खाली, कॉरिडॉरमधून तलावाकडे, तिथून हर्बल चहाच्या टेबलाशी. बँकेचा मॅनेजर आणि निवृत्त शाळामास्तर एकाच वेषात, एकाच सपाता घालून. मला या हॉटेलांचं सर्वांत मोठं यश हेच वाटतं. रिकामा वेळ मिळाला तर आपल्यासारख्या माणसाचा हात फोनकडे जातो. इथे विश्रांतीलाही हजेरीपट असतो, आणि ओल्या हातांनी फोन धरता येत नाही.

लेपातलं शैवाल इथलंच. ब्रिटनीतल्याच लानिल्दीच्या बंदरात खास होड्या येतात. त्यांच्यावर ‘स्कुबिदू’ नावाचा लोखंडी आकडा असतो. तो पाण्यात गरगर फिरवून लॅमिनारियाच्या लांब पट्ट्या शेवयांसारख्या गुंडाळून वर खेचतात. पूर्वी हेच शैवाल शेतात खत म्हणून पडे किंवा जाळून त्याच्या राखेतून आयोडीन काढत.

औषध म्हणून हे किती खरं? मुक्कामाच्या पत्रकात क्षार आणि सूक्ष्म मूलद्रव्यं त्वचेतून शरीरात शिरतात, असं ठासून लिहिलेलं असतं. त्वचेचं मुख्य काम बाहेरचं बाहेर ठेवणं आहे, त्यामुळे हा दावा सावधपणे घ्यावा. गरम पाण्याचे फायदे मात्र साधे आणि खरे आहेत. मानेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की सांध्यांवर वजनाचा सुमारे दहावा हिस्साच उरतो. दर लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ असल्याने समुद्राचं पाणी माणसाला थोडं जास्तच उचलतं. आखडलेल्या गुडघ्याला एवढं पुष्कळ झालं. फ्रान्सची सरकारी आरोग्य विमा योजनाही औषध आणि सुट्टी यांत भेद करते: डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, गरम झऱ्यांवरच्या तीन आठवड्यांच्या उपचाराचा काही भार ती उचलते, थालासोचा नाही. खर्च स्वतःचा, म्हणजे ही सुट्टीच.

तेव्हा सुट्टीसारखीच ती घालवावी. जेवणात कॅलरी मोजणारा वेगळा मेनू मिळतो. तो नको असेल तर गावात जाऊन बकव्हीटच्या पिठाचे काळसर, कुरकुरीत गालेत खावेत. अंडं आणि चीज घातलेला गालेत शाकाहारी माणसालाही भागवून नेतो, फक्त हॅम नको असं आधी बजावायला हवं. आणि कुईन-अमान. पीठ, खारं लोणी आणि साखर यांचे थरावर थर, वर करपवलेल्या साखरेची काच. त्याच्यापुढे सकाळचे चारही उपचार फुकट जातात, पण तक्रार करावीशी वाटत नाही.

एखादी दुपार मोकळी ठेवून किबरोंच्या पोर-मारिया बंदरातून बोटीने बेल-इल बेटावर जावं. 1886 मध्ये चित्रकार क्लोद मोने तिथे राहिला आणि पोर-कोतोंचे सुळके त्याने पुन्हापुन्हा रंगवले. अभिनेत्री सारा बर्नारने 1894 मध्ये बेटाच्या टोकाचा एक जुना किल्लाच विकत घेतला. जमिनीवरून जायचं तर कारनाकचे उभे पाषाण जवळ आहेत, रांगेने तीन हजारांच्या आसपास.

पॅरिसच्या माँपारनास स्थानकावरून जलद गाडी ओरेपर्यंत नेते. तिथून किबरोंपर्यंत ‘तीर-बुशों’ ही छोटी गाडी धावते, पण उन्हाळ्यातच. एरवी बस. गर्दी आणि भाव दोन्ही टाळायचे तर जुलै-ऑगस्ट सोडून जा. पुरुषांनी ढगळ अर्धी चड्डी नेऊ नये. फ्रान्समधल्या बहुतेक तलावांत ती चालत नाही, अंगाला बसणारा पोहण्याचा पोशाख आणि टोपी लागते. आणि थायरॉइडचा त्रास असेल, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. शैवालात आयोडीन भरपूर असतं, तुमच्या वेळापत्रकातून लेप काढून टाकावा लागेल.